माहीमचे देऊळ व त्याचे धर्मगुरू
(महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी देवळाच्या वैभवाचे वर्णन करण्याचा प्रघात आहे. तथापि देवळाचा इतिहास म्हणजे केवळ दगडचुन्याचा इतिहास नव्हे. ज्यांनी तेथे वेदीची सेवा केली त्यांच्या सद्गुणांचा, आणि प्रसंगी कलहांचाही, तो इतिहास होय. म्हणून आज मी मुंबईतील माहीमच्या संत मायकल देवळाची कथा आपणांपुढे ठेवीत आहे.

फ्रान्सिस्कन संघाचे फादर आंतोनियो दो पोर्तो यांनी १५३४ मध्ये या देवळाची स्थापना केली, असे परंपरा सांगते. पुढे मुंबईच्या ख्रिस्ती जनांवर दुहेरी सत्ता आली. काही देवळे पोर्तुगालच्या राजाश्रयाखालील पाद्रोआदोकडे, तर काही रोमच्या प्रोपागांदा मंडळाने नेमलेल्या बिशपांकडे होती. १७९४ च्या वाटणीत माहीम प्रोपागांदाकडे गेले. श्रद्धा एक, मिस्सा एक. परंतु एका घरात दोन चुली!

१८५३ साली हा कलह विकोपास गेला. देवळाचा ताबा जाऊ नये म्हणून कपुचिन संघाचे बिशप अनास्तासियुस हार्टमन हे आत जाऊन राहिले आणि बाहेर विरुद्ध पक्षाने वेढा दिला. अखेर सरकारने मध्ये पडून द्वार उघडले व देऊळ पाद्रोआदोकडे गेले. आत जपमाळ, बाहेरही जपमाळ. मध्ये मात्र बंद दार! याच हार्टमन यांनी १८५० मध्ये ‘एक्झामिनर’ पत्र सुरू केले होते. १८६६ मध्ये ते पाटण्याकडे निवर्तले आणि १९९८ मध्ये पोपमहाशयांनी त्यांना ‘आदरणीय’ ठरविले.

१९२८ च्या कराराने मुंबईतील दुहेरी सत्ता संपली. परंतु करार कागदावर होतो. मने जुळविण्यास त्याग लागतो. १९३७ मध्ये आलेले आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी तो करून दाखविला. भारतीय धर्मगुरू वॅलेरियन ग्रेशस यांजसाठी ते स्वतः बाजूस झाले, व १९५० मध्ये ग्रेशस आर्चबिशप झाले.

माहीमला १९४८ पासून बुधवारची नोव्हेना चालू आहे. जे दार एकेकाळी भावाने भावास बंद केले, त्यातून आज ख्रिस्ती व अख्रिस्ती असे सर्वच भाविक आत जातात.

बंधुभगिनींनो, आपल्यातही भाषेवरून, वाड्यावरून, मानाच्या खुर्चीवरून रुसवेफुगवे होतात. या महोत्सवी वर्षी आपण देवळास रंग देऊ, घंटा उजळू. परंतु ज्या शेजाऱ्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या घरी आधी जाऊ. तीच खरी महोत्सवाची भेट प्रभू स्वीकारो. आमेन.