वस्तीचे दुःख आणि समाजाची संवेदना

(जरीपटका, नागपूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



जरीपटका हे नाव मराठ्यांच्या ध्वजाचे. परंतु उत्तर नागपुरातील या वसाहतीला रूप दिले ते सिंध सोडून आलेल्या हिंदूंनी. १९४७ साली पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली, त्यांचा अर्धा भाग तरी भारतात राहिला. सिंध मात्र सबंधच गेला. परत उभे राहण्यासाठी सिंधी हिंदूंना प्रांत उरला नाही, विधानसभा उरली नाही, मतदारसंघ उरले नाहीत. शासनाने त्यांना ‘निर्वासित’ म्हटले. ते स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवत राहिले आणि फेरीच्या धंद्यापासून आरंभ करून त्यांनी ते नाव सार्थ केले. तरीही फाळणीच्या कथनात सिंधचे पान पातळच राहिले. ज्या दुःखामागे सत्ता नसते ते दुःख किती लवकर अडगळीत पडते, हे जरीपटक्यातील जुन्या पिढीला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणूनच याच जरीपटका पोलीस ठाण्याच्या हद्दीतील दुसऱ्या एका वस्तीचा विचार येथे व्हावयास हवा. ती वस्ती म्हणजे कस्तुरबानगर.

१३ ऑगस्ट २००४ या दिवशी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, न्यायकक्षाच्या आतच, अक्कू यादव नावाच्या गुंडाला जमावाने ठार केले. जमावात कस्तुरबानगरातील स्त्रियांची संख्या मोठी असल्याचे वृत्त देशभर पसरले. परदेशी वृत्तपत्रांनीही दखल घेतली. काही स्त्रियांना अटक होताच बाकीच्या पुढे आल्या आणि ‘आम्हालाही अटक करा’ म्हणू लागल्या. शहरातील अनेक वकील त्यांच्या पाठीशी उभे राहिले. उच्च न्यायालयाच्या एका निवृत्त न्यायमूर्तींनीही जाहीरपणे त्यांची बाजू घेतली. खटला दहा वर्षे चालला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना निर्दोष ठरविले.

जमावाने न्यायमंदिरात माणूस मारणे हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाला भूषणावह नाही. आरोपी कितीही नीच असो, त्याचा निवाडा न्यायासनानेच करावयाचा असतो. याविषयी दुमत असू नये. तथापि नागपूरच्या नागरिकांना, वृत्तपत्रांना आणि शासनाला खरा प्रश्न विचारला जावयास हवा तो १३ ऑगस्टच्या त्या थोड्या मिनिटांविषयी नव्हे, तर त्यापूर्वीच्या दहा-बारा वर्षांविषयी.

त्या काळात या वस्तीत काय चालले होते? खंडणी, घरात शिरून मारझोड, खून, आणि स्त्रियांवरील अत्याचार. अक्कूविरुद्ध गुन्ह्यांच्या नोंदी होत्या, अटकाही झाल्या होत्या. प्रत्येक वेळी तो सुटून येई आणि तक्रार करणाऱ्याचा सूड घेई. तक्रारदाराचे नाव पोलीस ठाण्यातूनच गुंडापर्यंत पोहोचते, असा वस्तीतील स्त्रियांचा उघड आरोप होता. अनेक कुटुंबांनी घरे सोडली. मोलमजुरी करणाऱ्या, बहुतांशी दलित समाजातील या कुटुंबांनी हे वर्षानुवर्षे सोसले, आणि या सबंध काळात शहराच्या दृष्टीने तेथे ‘काही घडले’ नव्हते. जे रोज घडते त्याला शोकांतिका म्हणण्याची पद्धत आपल्याकडे नाही; ते ‘झोपडपट्टीतले प्रकार’ या सदरात जाते. असे प्रकार रामदासपेठेत किंवा धरमपेठेत घडले असते तर दहा वर्षे सोडा, दहा दिवस तरी चालू दिले गेले असते काय? अखेर वस्तीतील एका शिकलेल्या घराने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे दाद मागितली, त्या आधाराने वस्ती उठली, आणि मगच गुंडाला कोठडी दिसली. तो पुन्हा जामिनावर सुटेल, ही भीती त्या दिवशी स्त्रियांना न्यायालयात घेऊन गेली. ती भीती अनुभवातून आली होती, कल्पनेतून नव्हे.

या घटनेवर आधारित चित्रपट २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये एका परदेशी कंपनीने माहितीपट-मालिका काढली. चर्चा होती ती न्यायालयातील रक्ताची. वस्तीचे दुःख असे करमणुकीच्या दराने विकले जाते, तेव्हा प्रेक्षकाला मोजावी लागते ती केवळ वर्गणी.

नागपूरला हे नवीन नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारी बांधवांचा मोर्चा आला. गुरे राखणारा हा समाज. मागणी एवढीच की, अनुसूचित जमातीचे प्रमाणपत्र मिळावे. दिवसभर ही माणसे रस्त्यावर बसून राहिली. सायंकाळी मॉरिस कॉलेजजवळ गर्दी उसळली, पोलिसांनी लाठ्या चालविल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक होती. हे घडले विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर, अधिवेशन चालू असताना. आदिवासी विकासमंत्र्यांनी राजीनामा दिला, आयोग नेमला गेला. शिक्षा मात्र कोणालाही झाली नाही. १९९५ मध्ये विशेष मागास प्रवर्गाची सोय झाली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींची मागणी मान्य केली आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. शहरातील उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे. त्यावरून रोज हजारो वाहने जातात. (पुलाला नाव देणे हे आपल्या राज्यकर्त्यांना सर्वांत सोपे जाणारे प्रायश्चित्त असावे.)

२००६ हे वर्ष तर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे. त्या वर्षी फेब्रुवारीत दिल्लीच्या जेसिका लाल खटल्यातील आरोपी सुटले. राजधानीत मेणबत्त्या पेटल्या, वाहिन्यांनी मोहीम चालविली आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरविले. उत्तमच झाले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तिची खरी दखल मोठ्या माध्यमांनी घेतली ती काही आठवड्यांनी, लोक रस्त्यावर उतरल्यावर. नागपूरपासून खैरलांजी दिल्लीइतके दूर नाही.

समरसतेचा विचार मांडणाऱ्यांना या गोष्टी टोचावयास हव्यात. संघाचे मुख्यालय आणि दीक्षाभूमी एकाच शहरात आहेत. हिंदू समाज एक कुटुंब आहे असे म्हणावयाचे, तर कुटुंबातील एका घरात दहा वर्षे आक्रोश चालू असता शेजारच्या घराला झोप कशी लागते, याचा खुलासा त्याच कुटुंबाने द्यावयाचा असतो, शासनाने नव्हे. सेवावस्त्यांची संख्या वार्षिक वृत्तात येते, बालवाड्या आणि आरोग्य शिबिरे यांचीही येते. ती कामे मोलाची आहेत. पण वस्तीतील किती स्त्रियांसोबत कार्यकर्ता पोलीस ठाण्याची पायरी चढला, हा रकाना त्या वृत्तात क्वचितच असतो.

कायदा आता पूर्वीसारखा दुबळा राहिलेला नाही. लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारी २०१३ पासून स्वतः शिक्षेस पात्र आहे. भारतीय न्याय संहितेतही कलम १९९ द्वारे ती तरतूद कायम आहे. गुन्हा अन्य हद्दीतील आहे म्हणून तक्रारदाराला परत पाठविता येत नाही. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली. परंतु धुणीभांडी करणारी बाई ठाण्यात एकटी गेली तर तिला समोरच्या बाकावर बसवून ठेवले जाते, आणि तिच्याबरोबर वकील, शिक्षक किंवा बाजारातील एखादा प्रतिष्ठित व्यापारी असला तर तिला खुर्ची मिळते, हा अनुभव अद्याप जुना झालेला नाही. जरीपटक्यात वकील आहेत, शिक्षक आहेत, व्यापारी तर आहेतच. कस्तुरबानगरही येथून फार दूर नाही.