प्रवाळबेटांवर चार दिवस
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



लक्षद्वीपला जायचे ठरले तेव्हा पहिला प्रश्न निघाला सासूबाईंचा. वय 74, गुडघे दुखरे. हौस मात्र माझ्याहून दांडगी! कोचीहून जहाज जाते खरे, पण पुष्कळ बेटांपाशी भर समुद्रात लहान होडीत उतरावे लागते. ते ऐकून मी बोलून गेले, "आई, तुम्ही पुढच्या वेळी या." त्यांनी एवढेच विचारले, "पुढची वेळ कधी ग?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग बेत नव्याने आखला. परवाना आधी काढला, समुद्र शांत असतो म्हणून जानेवारी धरला, आणि कोचीहून विमानाने थेट अगत्ती. वस्तीची बेटे 10. माझ्या यादीत त्यांतली पाच! सासूबाईंनी चार खोडली. "विसावा घ्यायला जायचे की हजेरी लावायला?"

अगत्तीला प्रवाळाचा कडा लाटा अडवतो, म्हणून आतले पाणी तळ्यासारखे निवांत. काचेच्या तळाच्या होडीतून पोवळी पाहिली. काही पांढरीफटक होती. मला तीच शोभा वाटली. पण पाणी तापले की त्यांचा रंग असा उडतो. 1998, 2010 आणि 2016 साली इथे तसे फार झाले. किनाऱ्यावरचा एक तुकडा मी पिशवीत टाकणार, तोच सासूबाईंनी हात धरला. पोवळी नेणे हा गुन्हा आहे, हे त्यांनी माझ्याआधी वाचले होते!

शेवटच्या संध्याकाळी त्या पाण्यात पाय सोडून बसल्या. मी चहाचे विचारले. म्हणाल्या, "तूही बस. आज चहा दुसरे कोणी करील."