चारही चाकांचा जोर

पनवेलच्या आसपास पावसाळी चिखलांतून भरलेली मालमोटार बाहेर काढावयाची, तर इंजिनाचा जोर चारही चाकांस देणारी गाडी मोठी उपकारक. पण तिच्यामुळें एक गोड गैरसमज होतो.

चारही चाकें ओढूं लागलीं म्हणजे गाडी लवकर चालूं लागते. ती लवकर थांबत मात्र नाहीं. ब्रेक काय, साध्या मालमोटारीच्याहि सर्व चाकांस असतात! उलट, चाक जागच्या जागीं फिरून निसरड्याची जी सूचना एरवीं मिळते, तीच येथें उशिरां मिळते.

दुसरी गोष्ट वळणाची. वळतांना पुढचीं चाकें मागच्यांहून अधिक अंतर कापतात. जुन्या साध्या रचनेंत दोन्ही आंस एकत्र जखडलेले असल्यानें हा फरक टायरांनीं घसरूनच भरून काढावा लागतो. चिखलांत तें सहज घडतें. कोरड्या डांबरी रस्त्यावर आंस पिळले जातात, स्टिअरिंग जड होतें. तेव्हां पक्का रस्ता लागतांच पुढचा जोड सोडावा, मगच वेग वाढवावा.

बोरघाटांत १८३० पासून गाडीरस्ता आहे, आणि उतार आहेच. तो खालच्या गियरमध्यें, ब्रेक तापूं न देतां उतरावा. धुक्यांत दिसेल तेवढ्या रस्त्यांत गाडी उभी राहील इतक्याच वेगानें.