उन्हाळ्याची सुट्टी आणि दिवसांचा हिशेब



एप्रिल-मे महिन्यांत विधी महाविद्यालयांच्या परीक्षा आटोपू लागल्या, की घरोघरी एकच विषय निघतो : सुट्टीत मुलाला अनुभवासाठी कोठे पाठवायचे? मुंबईतील एखाद्या बड्या सॉलिसिटर कंपनीत ओळख निघते का, याची चाचपणी सुरू होते. वातानुकूलित कक्ष, गुळगुळीत कागदावरचे प्रमाणपत्र! तालुक्याच्या गावी, न्यायालयासमोरच्या दोन खोल्यांत बसणाऱ्या वकिलाकडे मुलाला वा मुलीला धाडावे, असे फार थोड्या पालकांच्या मनात येते.

वास्तविक बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी हा विचार आधीच करून ठेवला आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव अनिवार्य आहे. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ तो घेता येत नाही. शिवाय मूळ दावे आणि अपिले चालविणाऱ्या वकिलांच्या हाताखाली विद्यार्थ्याने निदान एकदा तरी काम केलेच पाहिजे, अशीही अट आहे. रोजनिशी ठेवायची, ती मार्गदर्शकाने आणि प्राध्यापकाने तपासायची. (महिन्याची रोजनिशी एका रात्रीत लिहून काढणारे महाभाग कोणत्या महाविद्यालयात नसतात?)

तथापि एक अडचण उरतेच. ज्या महिन्यात विद्यार्थी मोकळा, त्याच महिन्यात महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांनाही सुट्टी! कोर्टच बंद, तर मुलगा तेथे जाऊन करणार काय, असा प्रश्न पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण सुट्टीत न्यायालयाचे दार बंद असले, तरी वकिलाच्या कचेरीतील कॅलेंडर थांबलेले नसते, आणि विद्यार्थ्याने पाहायचे ते तेच.

मे महिन्यात वकिलांचा कारकून एक यादी काढतो. कोणत्या अशिलाची मुदत केव्हा संपते, हे त्या यादीत असते. १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम ४ विद्यार्थ्याने परीक्षेपुरते पाठ केलेले असते : मुदतीचा शेवटचा दिवस न्यायालय बंद असताना आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. वर्गात हे वाक्य दोन गुणांचे असते. कचेरीत मात्र त्याचा अर्थ उलगडतो. सुट्टीने मुदत वाढत नाही. शेवटचा दिवस सुट्टीच्या काळात पडला, तरच ही सवलत मिळते. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी ज्याची मुदत संपली, त्याला जूनमध्ये कलम ४ चा उपयोग नाही. अपील असेल, तर त्याने कलम ५ खाली विलंबाच्या माफीचा अर्ज करावा आणि कारण सिद्ध करावे. मूळ दावा असेल, तर तीही वाट नाही. एका दिवसाच्या चुकीने एखाद्याचे शेत कायमचे हातचे जाऊ शकते, हे यादी करताना विद्यार्थ्याच्या प्रथमच ध्यानी येते.

याच सुट्टीत दुसरी मोजणी चालू असते, आणि तिला उन्हाळा ठाऊक नसतो. फौजदारी न्यायालयांचे काम सुट्टीतही पूर्णपणे थांबत नाही. अटक झालेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १८७ नुसार मृत्युदंड, जन्मठेप वा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक कारावासाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत तपास पूर्ण झाला नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. जुन्या संहितेचे कलम १६७ हेच सांगत होते. हा हक्क मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी मागावा लागतो. ज्याने तो वेळेत मागितला नाही, त्याच्या हातून तो निसटतो. मोजणी रिमांडच्या पहिल्या दिवसापासून करायची, की दुसऱ्या, हा वाददेखील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पहिला दिवस मोजावा, असा निर्णय २०२३ मध्ये झाला.

महामारीच्या काळात, मार्च २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दावे-अपिलांच्या मुदती वाढवून दिल्या. मग पोलिसांनाही तीच सवलत मिळावी, असा युक्तिवाद झाला. जून २०२० मध्ये एस. कासी प्रकरणात न्यायालयाने तो फेटाळला. मालमत्तेच्या दाव्याला टाळेबंदीची सवलत मिळू शकते. तुरुंगात बसलेल्या माणसाचे दिवस मात्र मोजलेच जातात. हे दोन नियम पुस्तकात वेगवेगळ्या विषयांत, वेगवेगळ्या सत्रांत शिकविले जातात. कचेरीत ते एकाच टेबलावर येतात. ज्या विद्यार्थ्याने कारागृहातून आलेल्या मुलाच्या बापाला 'आज कितवा दिवस?' असे विचारताना ऐकले, त्याला पुन्हा कलम १८७ पाठ करावे लागत नाही.

भाषेचा धडा याहून वेगळा. १९९८ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. विद्यार्थी मात्र बहुधा इंग्रजी पुस्तकांवर वाढलेला असतो. दावा, कैफियत, पुरसीस, वकीलपत्र, रोजनामा हे शब्द तो कचेरीतच ऐकतो. त्याचा पहिला मसुदा न्यायाधीशांच्या निवाड्यांतील उताऱ्यांनी भरलेला असतो. ज्येष्ठ वकील त्यावर आडवी रेघ मारतात : दिवाणी प्रक्रिया संहितेचा सहावा आदेश सांगतो, की दाव्यात महत्त्वाची वस्तुस्थिती मांडा, पुरावा नको. 'तारीख कोठे आहे? गट नंबर कोठे आहे?' या दोन प्रश्नांत लेखनशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम येतो.

आणि हिंदू वारसा कायदा? तो तर प्रत्येक घराचा कायदा. मुलींना सहदायाद मानणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये झाली. २००५ मध्ये वडील हयात नसले, तरी मुलीचा हक्क जन्मसिद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा प्रकरणात २०२० साली सांगितले. विद्यार्थी हे सारे तोंडपाठ म्हणून दाखवतो. मग उन्हाळ्यात माहेरी आलेली एखादी बहीण भावासह कचेरीत येते, समोर हक्कसोडपत्राचा मसुदा असतो आणि ती विचारते, 'मी सही केली नाही तर माहेर तुटेल का हो?' या प्रश्नाला कोणत्याही अधिनियमात उत्तर नाही. पण ती सही स्वेच्छेची आहे का, नोंदणीपूर्वी तिला तिचा हिस्सा किती ते कोणी सांगितले का, हे विचारणे वकिलाचे कर्तव्य आहे. दोन्ही पक्षांना एकच वकील पुरेल का, हा व्यावसायिक नीतीचा प्रश्नही तेथेच उभा राहतो.

चार आठवड्यांत सर्व काही कळते, असे समजण्याचे कारण नाही. खटला वर्षानुवर्षे चालतो. विद्यार्थ्याच्या वाट्याला त्याचा मधला एखादा तुकडा येतो. काही कचेऱ्यांत तर त्याला झेरॉक्सच्या दुकानापलीकडे काही दिसत नाही. अशा ठिकाणाहून मुलाने निमूटपणे दुसरीकडे जावे; त्यात संकोच कसला?

जूनमध्ये न्यायालय उघडते, दाखल करण्याच्या खिडकीपुढे रांग लागते आणि त्यानंतर महाविद्यालयही सुरू होते. मुदत कायद्याचा तोच तास, तेच कलम. मात्र या वेळी मागच्या बाकावरून प्रश्न येतो : सर, लवाद निवाड्याला आव्हान देण्याची तीन महिन्यांची मुदत सुट्टीत संपली, तर कलम ४ वाचवते, पण न्यायालयाला माफ करता येणारे पुढचे ३० दिवस सुट्टीत संपले, तर? प्राध्यापक क्षणभर थांबतात. २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय नकारार्थी आहे, असे सांगून ते त्याला ग्रंथालयात पाठवतात.