जॉबरच्या हातातली विद्या

यंत्रमाग अडला की भिवंडीचा मालक प्रथम जॉबरला हाक मारतो. धोटा कुठे अडखळतो, ताण्याचे धागे का तुटतात, हे तो पुष्कळदा नुसत्या आवाजावरून ओळखतो. ही विद्या कागदावर कुठेच नसते. तो गावी गेला की माग उभाच! शिकवले तर आपली गरज संपेल, ही त्याची भीती मला अनाठायी वाटत नाही. ती दूर करणे मालकाचेच कर्तव्य. मुंबईच्या गिरण्या परस्परांच्या स्पर्धक, तरीही १९५४ साली ‘बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन’ ही सामायिक संशोधन संस्था उभी राहिली. आपल्याकडे एका शेडमध्ये सापडलेला उपाय बहुधा भिंतीपलीकडेही पोहोचत नाही. शिकवणाऱ्या जॉबरला वेगळा मोबदला द्या, दुरुस्तीची वही ठेवा, आणि त्यातली प्रत्येक युक्ती त्याच्याच नावाने नोंदवा.