चाक बसतं, पण जुळतं का?

आम्ही दहाजणी मिळून झुणका-भाकरीची गाडी चालवतो. पिकअपमागे जोडायची, दोन चाकांची ट्रॉली. आत ओटा, शेगडी, पाण्याची टाकी. आठवडी बाजाराला, यात्रेला ओढून न्यायची आणि तिथं उभी करायची. बँकेच्या कर्जातून घेतली, हप्ता अजून चालू आहे. आज त्या ट्रॉलीच्या चाकाबद्दल बोलायचं आहे. विषय पुरुषांचा वाटेल, पण नुकसान झालं ते आमचं झालं.

शिखर शिंगणापूरची चैत्री यात्रा दोन दिवसांवर आली होती. ट्रॉलीच्या एका चाकाची रिम चिरली आणि स्टेपनी नव्हतीच. गॅरेजवाल्यानं विचारलं, "माप काय?" आम्ही एकमेकींकडं बघितलं. एकीनं सांगितलं, चौदा इंची, पाच बोल्टचं. त्यानं जुनं चाक काढून दिलं. बसवताना थोडी ठोकाठोक झाली, पण बसलं. नव्यापेक्षा निम्म्या पैशांत काम झालं म्हणून आम्ही खूश.

घाट लागायच्या आधीच मागून खडखड ऐकू आली. ड्रायव्हरदादांनी गाडी थांबवली. दोन बोल्ट तुटलेले, बाकीचे नट सैल. घाटात चाक निसटलं असतं तर? मागं कावडीवाले पायी चालत होते. त्या दिवशीचा झुणका रस्त्यावरच वाटून टाकला आणि त्या महिन्याचा हप्ता बचतीतून भरला.

गॅरेजवाल्याला नावं ठेवून आम्ही मोकळ्या झालो असतो. पण त्यानं माप विचारलं होतं, आणि ते आम्हाला माहीत नव्हतं. पिठाचं, तेलाचं माप आम्ही ग्रॅमवर सांगतो. ज्या गाडीवर घर चालतं, तिचं माप माहीत नव्हतं.

मग आम्ही माप घ्यायला शिकलो. तुम्हीही वही घ्या.

पहिलं, बोल्टचं माप. नुसते बोल्ट मोजून भागत नाही, ते केवढ्या गोलावर आहेत ते बघायचं. गॅरेजमध्ये याला पीसीडी म्हणतात. चार किंवा सहा बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोघांचं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. पाच असतील तर समोर कुणी येत नाही. तेव्हा शेजारच्या दोघांचं अंतर घ्यायचं आणि १.७ नं गुणायचं. आमच्या हबचं अंतर ६७.२ मिलिमीटर भरलं, म्हणजे गोल ११४.३ चा. आणलेल्या चाकाचं ६५.८, म्हणजे गोल ११२ चा. फरक दीड मिलिमीटरसुद्धा नाही! म्हणून तर ते ठोकून बसलं आणि म्हणूनच बोल्ट तुटले. शिवणाच्या टेपनं हे कळत नाही. लेथवाल्याकडं व्हर्निअर असतो, त्याच्याकडून मोजून घ्या.

दुसरं, मधलं भोक. ते हबपेक्षा लहान असेल तर चाक पाठीला टेकत नाही. नटाची बैठकही बघा. रिमच्या भोकाला उतार असेल तर नटालाही तसाच उतार हवा, चपटा नट चालत नाही.

तिसरं, चाक किती आत-बाहेर बसतं ते. हातानं फिरवून बघा, पाट्याला किंवा मडगार्डला घासायला नको. माल भरल्यावर पुन्हा बघा, कारण ओझ्यानं गाडी खाली बसते.

चौथं, वजन. सिलिंडर, पाणी, पीठ, भांडी सगळं भरून ट्रॉली वजनकाट्यावर नेली. ९४० किलो भरली. म्हणजे एका चाकावर ४७० किलो. टायरच्या बाजूला मापापुढं एक आकडा असतो, तो भार सांगतो. आमच्या जुन्या टायरवर १६५/८० आर १४ आणि पुढं ८५ होतं. ८५ म्हणजे ५१५ किलो. आणलेल्या टायरवर ७९ होतं, म्हणजे ४३७ किलो. बोल्ट तुटले नसते तर पुढं टायर फुटला असता. रिमचीही ताकद असते, तीही विचारा.

पाचवं, टायरचं वय. बाजूला चार आकडी शिक्का असतो. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी नव्यासारखी दिसली तरी जुन्या टायरचं रबर आतून चिरतं.

चाक बसवताना नट ओळीनं आवळू नका. एक झाला की समोरचा घ्या. जॅक उतरवल्यावर शेवटचं आवळून घ्या. आणि ५० ते ८० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावा. हे आम्ही कधीच करत नव्हतो.

आता आमच्या गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत पहिल्याच पानावर ट्रॉलीची मापं लिहिली आहेत. स्टेपनीही घेतली, त्याच मापाची. गॅरेजमध्ये गेलो की वही उघडतो. तोच गॅरेजवाला आता म्हणतो, "ताई, हे तुम्हाला जुळणार नाही, दुसरं मागवतो."

तुमच्या गटाकडं ट्रॉली असेल, पिठाची गाडी असेल, भाजीचा टेम्पो असेल, तर पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की सगळ्याजणी बाहेर जाऊन चाकापाशी बसा. मोजा आणि लिहून ठेवा. बैठकीला न आलेल्या मैत्रिणीलाही दाखवा.