जमीन हलायच्या आधी घराचा कागद करा
(पाड्यावरच्या बैठकीतलं भाषण)



नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी या पट्ट्यात जमीन हादरते, ते मी तुम्हाला काय सांगायचं. 1 फेब्रुवारी 2019 ला धक्क्यानंतरच्या पळापळीत एक लहान मुलगी दगावली. थंडीत लोक पोराबाळांना घेऊन घराबाहेर निजले. भूकंप कुणाला थांबवता येत नाही. पंचनाम्यात काय लिहिलं जातं, तिथं मात्र आपण बोलू शकतो.

मदतीचे 2022 चे दर बघा. कच्चं घर पूर्ण पडलं तर 1 लाख 20 हजार. तेच घर 'झोपडी' म्हणून लिहिलं तर 8 हजार! कारवीच्या कुडाचं, सागाच्या मेढींचं, शेणानं सारवलेलं घर, बाप गेला तरी पोरगा त्यातच राहतो. ती झोपडी कशी? पंचनामा कुणाकडून तरी वाचून घ्या, मगच अंगठा द्या.

दुसरी अडचण मोठी आहे. नियम म्हणतो, घर अधिकृत पाहिजे. आपली कितीतरी घरं फॉरेस्ट प्लॉटवर, दावे अजून लोंबकळत. तिथं 2006 चा वनहक्क कायदा धरायचा. दाव्याची तपासणी पुरी होईस्तोवर कुणाला हटवता येत नाही. आणि घर, बांध हासुद्धा कब्जाचा पुरावा असतो. म्हणजे घर पडलं की पुरावाही पडला. म्हणून आत्ताच, उभं आहे तोवर, फोटो काढा, दोन म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या.

दाव्याची पोच, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळ ठेवा. माळ्यावर नको, तिथं कोण चढणार? झेरॉक्स दुसऱ्या पाड्यातल्या नातलगाकडे. दिवाळीनंतर वीटभट्टीला जाणाऱ्यांनी मागं कुणाला तरी सांगून जावं, नाहीतर पंचनाम्याला घरचं कुणीच नसतं.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, असं बाया विचारतात. 1987 च्या विधी सेवा कायद्यात आदिवासीला, बाईला, भूकंपग्रस्ताला वकील फुकट आहे, उत्पन्नाची अट नाही. डहाणू कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज चालतो. फोन 15100. आपत्तीग्रस्तांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची 2010 ची योजनाच आहे. पण ते येतील म्हणून वाट बघत बसायचं नाही, आधीच बोलवायचं.

पुढच्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्यातून विधी स्वयंसेवक म्हणून दोन नावं द्यायची आहेत. त्यात एक तरी बाई पाहिजे.